पीटीच्या तासाला व्हॉलीबॉल: आधी पास, मग बाकीचं

आठवी-नववीच्या पीटीच्या तासाला व्हॉलीबॉलची जाळी लागली रे लागली की निम्मा वर्ग जाळीला जाऊन चिकटतो. सगळ्यांना स्मॅश मारायचा असतो. पण बॉल उचलून द्यायला कोणी तयार नसतं, आणि दिलाच तर तो हवा तिथे येत नाही. मग सर्व्हिस जाळीत, सर्व्हिस आऊट, एखादी पलीकडे गेलीच तर ती कोणीतरी पायाने अडवलेली, असं करत तासिका संपते. ज्यांनी आजवर बॉलला हात लावलेला नाही, किंवा लावलाय पण बॉल भलतीकडेच जातो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: पहिले काही आठवडे स्मॅशचं नावसुद्धा काढू नका. पास नीट जमला की बाकीचा खेळ त्याच्या मागोमाग येतो.

या मताला इतिहासाचाही थोडा आधार आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावी विल्यम मॉर्गन या वायएमसीएच्या (तरुणांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेच्या) व्यायाम शिक्षकाने १८९५ मध्ये हा खेळ काढला. शेजारच्या स्प्रिंगफील्डला चारच वर्षांपूर्वी बास्केटबॉल सुरू झाला होता, पण वयाने थोड्या मोठ्या मंडळींना त्यातली धक्काबुक्की झेपत नव्हती. मॉर्गनने टेनिसची जाळी साधारण साडेसहा फुटांवर बांधली आणि बॉल हवेतल्या हवेत इकडून तिकडे मारायला सांगितलं. उंच उचलून दिलेला बॉल वरून खाली ठोकायची पद्धत नंतरची. ती १९१६ च्या सुमारास फिलिपीन्समध्ये रुळली. म्हणजे स्मॅशशिवायही हा खेळ वीसेक वर्षं मजेत चालला होता.

मैदानात उतरण्याआधी

हातातलं कडं, घड्याळ, बांगड्या, अंगठी सगळं काढून दप्तरात ठेवा. मनगटात जाड दोरे असतील तर तेही काढा, नाहीतर बॉल नेमका त्याच जागी बसतो आणि कातडीवर वळ उठतो. नखं कापलेली हवीत. वाढलेलं नख ओव्हरहँड पासला, म्हणजे डोक्याच्या वर बोटांनी बॉल देताना, उलटं वळलं की डोळ्यांत पाणी येतं. बुटांच्या नाड्या घट्ट बांधा. चपला घालून किंवा अनवाणी उड्या मारायच्या नाहीत, विशेषतः मुरमाच्या मैदानावर.

बॉल व्हॉलीबॉलचाच घ्या. त्याचं वजन २६० ते २८० ग्रॅम असतं आणि घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर. फुटबॉल ४१० ग्रॅमच्या पुढे असतो, त्यामुळे "बॉल कमी आहेत, फुटबॉलवर सराव करू" हा विचार सोडून द्या. हात सुजतील आणि बॉलची भीती बसेल ती वेगळीच. हवा दगडासारखी टणक भरलेली नको. अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जायला हवा. शाळेच्या क्रीडा साहित्याच्या खोलीतला बॉल हमखास एक तर फुग्यासारखा टम्म असतो नाहीतर पंक्चर, तेव्हा पंप कुठे ठेवलाय ते आधीच विचारून घ्या.

फक्की मारायला मदत केली तर मैदानाची मापं पाठ करावी लागत नाहीत. पूर्ण मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. मधल्या रेषेने त्याचे ९ बाय ९ चे दोन चौरस होतात. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ३ मीटरवर आक्रमण रेषा. रेषेची जाडी ५ सेंटिमीटर, आणि रेषा मैदानातच धरतात, म्हणून बॉल रेषेला नुसता शिवला तरी 'इन'. जाळीची उंची मोठ्या पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर. वर्गात शिकताना ती खुशाल दोन मीटरच्या आसपास आणा. मॉर्गनची जाळीही तेवढीच होती.

उभं कसं राहायचं

व्हॉलीबॉलमध्ये बॉल पकडता येत नाही. तो हातावर आल्यावर विचार करायला क्षणभरही मिळत नाही, म्हणून कुठे जायचं आणि कुणाला द्यायचा हे बॉल हवेत असतानाच ठरलेलं असावं लागतं. ज्यांचे पास चांगले असतात त्यांचे हात फार वेगळे नसतात. ते बॉलखाली लवकर पोचलेले असतात, एवढंच.

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, एक पाऊल किंचित पुढे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. टाचांवर रेलून उभं राहिलात तर पहिलं पाऊल उशिरा पडणारच. हात समोर, मोकळे, एकमेकांपासून सुटे. हात आधीच जोडून पळू नका. नव्या मुलांची ही सगळ्यात पक्की सवय: सर्व्हिस सुटली की लगेच हात जोडायचे आणि तसेच जोडलेले हात घेऊन धावायचं. त्याने तोलही जातो आणि वेगही. आधी पाय, मग थांबायचं, मग हात जोडायचे.

अंडरहँड पास

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एका हाताची मूठ दुसऱ्या पंज्यात ठेवा किंवा एका पंज्यावर दुसरा पंजा ठेवा. काहीही चालेल, पण दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी आणि सरळ हवेत. बोटं एकमेकांत गुंफू नका, बॉल चुकून बोटांवर बसला तर दुखापत होते. आता मनगटं जमिनीकडे दाबा. तसं केलं की कोपरं आपोआप सरळ होतात आणि मनगटाच्या वरचा आतला भाग सपाट होऊन दोन हातांचा एक पाट तयार होतो. बॉल या पाटावर घ्यायचा, मनगटापासून चार बोटं वर. मुठीवर नाही, अंगठ्यांवर नाही, कोपराजवळही नाही.

आणि आता खरी गोष्ट. बॉल हातांनी मारायचा नाही. हात जवळपास स्थिर ठेवायचे आणि वाकलेले गुडघे सरळ करत बॉल उचलायचा. जोरात आलेल्या सर्व्हिसला तर तेवढंही लागत नाही. पाट योग्य कोनात धरला की बॉल स्वतःच्या वेगानेच वर जातो. हात झोपाळ्यासारखे खालून वर भिरकावले की बॉल कुठे जाईल हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

जोडी लावून सराव करताना बॉल कुठे गेला ते नीट पाहा. चूक कुठे झाली ते बॉलच दाखवतो. तुमच्याच डोक्यावरून मागे गेला, तर हात खांद्याच्या वर गेले होते. खालून सपाट, जोडीदाराच्या पोटाकडे सुटला, तर पाट समोरच्याकडे उभा धरला होता किंवा तुम्ही गुडघ्यांऐवजी कमरेतून वाकलात. एका बाजूला निसटला, तर एक हात दुसऱ्याच्या वर होता. जागीच मेला, तर कोपरं वाकली होती. ही चार लक्षणं ओळखता आली की सर शेजारी नसले तरी सराव वाया जात नाही.

क्रम असा ठेवा. आधी जोडीदाराने तीन-चार मीटरवरून दोन्ही हातांनी, खालून, सावकाश बॉल टाकायचा. तुम्ही पास देऊन तो त्याच्या डोक्याच्या वर पोचवायचा आणि त्याने झेलायचा. झेलणाऱ्याला जागेवरून हलावं लागलं नाही तर पास चांगला. हे जमलं की जोडीदार बॉल मुद्दाम एक पाऊल डावीकडे, एक पाऊल उजवीकडे टाकेल. मग पुढे आणि मागे. त्यानंतरच दोघांनी न झेलता सलग पास द्यायला घ्यावेत. सलग दहा झाले की वर्गात आरडाओरडा होतो, तो होऊ द्यावा. घरी सराव करायचा तर भिंत पुरते: खडूने आपल्या उंचीच्या वर एक रेघ मारायची आणि बॉल त्या रेघेच्या वर लागेल असे पास द्यायचे. सोसायटीची भिंत असेल तर आधी विचारा.

पहिले दोन-तीन दिवस हात लाल होतात. ते सगळ्यांचेच होतात आणि आठवड्याभरात थांबतं. बोटात कळ आली, सूज आली किंवा मनगट वळेना, तर मात्र सरांना लगेच सांगायचं. 'चोळून बरं होईल' म्हणत खेळत राहायचं नाही.

ओव्हरहँड पास

बॉल डोक्याच्या वरून येत असेल तर बोटांनी खेळायचा. कपाळाच्या थोडं वर आणि पुढे दोन्ही पंजे उघडा, अंगठे आणि पहिल्या बोटांमध्ये त्रिकोणी खिडकी दिसली पाहिजे. त्या खिडकीतून बॉल बघायचा. बॉल बोटांच्या पेरांवर येतो, तळहाताला लागत नाही, आणि हात-पाय एकदमच सरळ करत त्याला वर सोडायचं.

पंजाचा आकार बरोबर आहे का ते तपासायची सोपी युक्ती: बॉल जमिनीवर आपटून वर उडवा, त्याच्या खाली जा आणि पासच्या स्थितीत कपाळावर झेला. झेलल्यावर तसेच थांबा. अंगठे तुमच्या डोळ्यांकडे वळलेले आहेत की समोर बॉलकडे? समोर असतील तर बॉल त्यांच्या टोकावर आदळून अंगठा मुरगळणार. दुरुस्त करा, पुन्हा झेला. हे काही वेळा केल्यावर झेलायचं बंद करून बॉल सोडायला लागा.

इथे दोन फाऊल होतात. दोन हात मागे-पुढे लागले तर 'डबल'. बॉल क्षणभर थांबवून फेकला तर 'कॅच'. वर्गातल्या सामन्यात पंचाने सुरुवातीला डबलकडे काणाडोळा करावा, कॅचकडे करू नये. डबल सरावाने जातं. झेलून फेकायची सवय मात्र लागली की सुटत नाही.

सर्व्हिस

नवख्याने अंडरहँड सर्व्हिसच करावी, त्यात कमीपणा काही नाही. उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे, बॉल डाव्या पंज्यावर कमरेच्या उंचीला, शरीर थोडं पुढे झुकलेलं. उजवा हात मागून सरळ पुढे आणा, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर घ्या आणि तळहाताच्या मनगटाकडच्या टणक भागाने बॉलच्या मागे-खाली मारा. हात ज्या दिशेला संपतो त्या दिशेला बॉल जातो, म्हणून मारल्यावर हात लक्ष्याकडे गेला पाहिजे.

एक बारीक नियम हमखास विसरला जातो. मारण्याआधी बॉल दुसऱ्या हातातून सुटलेला हवा. हातावर ठेवूनच त्याला ठोकला तर तो फाऊल. मारायच्या ऐन वेळी धरणारा हात खाली काढून घ्या, किंवा बॉल वीतभर वर सोडा.

मारताना पाय मागच्या रेषेवर किंवा आत नको. उडी मारून सर्व्हिस करणारे हवेतून आत येऊन पडतात ते चालतं, कारण उडी बाहेरून घेतलेली असते. पंचाची शिट्टी झाल्यावर ८ सेकंद मिळतात. तेवढ्यात एक श्वास घ्या, समोर मोकळी जागा कुठे आहे ते बघा. घाई नको. नऊ मीटर मागून बॉल पोचतच नसेल तर सरावात आक्रमण रेषेजवळून सुरुवात करा आणि जमेल तसं दोन-दोन पावलं मागे जा.

नियम, एका रॅलीत

सर्व्हिसपासून बॉल मरेपर्यंतचा खेळ म्हणजे एक रॅली. पलीकडून सर्व्हिस आली. ती जाळीला घासून तुमच्या बाजूला पडतेय. अनेकजण 'पुन्हा!' म्हणून हात वर करतात, आणि तेवढ्यात बॉल जमिनीवर. पूर्वी अशी सर्व्हिस फाऊल होती. आता खेळ चालू राहतो. म्हणून शिट्टी होईपर्यंत थांबू नका.

मागच्या खेळाडूने पास दिला: पहिला स्पर्श. सेटरने, म्हणजे मारणाऱ्यासाठी बॉल उंच उचलून देणाऱ्याने, बॉल उचलला: दुसरा. तिसऱ्याला तो पलीकडे गेलाच पाहिजे. तीनच स्पर्श, आणि एकाच खेळाडूचे लागोपाठ दोन नाहीत. ब्लॉकला (समोरच्याचा बॉल जाळीजवळ हात वर करून अडवण्याला) लागलेला बॉल मात्र या तिनात मोजत नाहीत. ब्लॉकनंतर अजून तीन मिळतात, आणि ब्लॉक करणाराच लगेच पुन्हा बॉल खेळू शकतो. बॉल शरीराच्या कुठल्याही भागाला लागला तरी चालतो, पायालासुद्धा. पण म्हणून उभ्या-उभ्या पाय घालायचा नाही. तो शेवटचा उपाय.

बॉल खेळताना किंवा त्यासाठी उडी मारताना जाळीला, दोन अँटेनांच्या (जाळीच्या दोन्ही कडांना लावलेल्या उभ्या काठ्यांच्या) मधल्या भागात, हात लागला की फाऊल. पायाचा काही भाग मधल्या रेषेला टेकलेला किंवा तिच्या बरोबर वर हवेत असेल तर पाऊल थोडं पलीकडे गेलेलं चालतं, पूर्ण पाऊल गेलं तर नाही. बॉल अँटेनाला लागला तर आऊट. शाळेत अँटेना नसतात, तिथे जाळीच्या दोन्ही टोकांना रिबिनी बांधून भागवतात.

रॅली जिंकेल त्याला गुण, सर्व्हिस कोणाचीही असो. घरातले काका-मामा 'गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला, आणि गेम १५ चा' असं सांगतील. तेही चूक नाहीत, त्यांच्या वेळी तसंच होतं. जागतिक महासंघाने १९९८ मध्ये नवी पद्धत मंजूर केली. आता सेट २५ चा, दोन गुणांची आघाडी लागते, म्हणून २४-२४ झालं तर २६-२४, २७-२५ असं पुढे चालतं. पाच सेटच्या सामन्यात निर्णायक सेट १५ चा, आणि त्यात ८ व्या गुणावर बाजू बदलायची.

रोटेशन

समोरच्यांची सर्व्हिस तोडून तुम्ही रॅली जिंकलात की सर्व्हिस तुमच्याकडे येते, आणि तेव्हाच सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा सरकतात. आपल्याच सर्व्हिसवर गुण मिळाला तर जागा बदलायची नाही. तोच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करतो. बहुतेक गोंधळ या एका वाक्यात मिटतो.

जागांचे आकडे असे: जाळीकडे तोंड करून उभे राहिलात की मागचा उजवा कोपरा १ नंबर, तिथून सर्व्हिस. त्याच्या पुढे जाळीजवळ २, मध्ये ३, डावीकडे ४, त्याच्या मागे ५, मागे मध्ये ६. रोटेशनला २ नंबरचा खेळाडू १ वर येऊन सर्व्हिस करतो. फक्कीने जमिनीवर हे आकडे काढून बॉलशिवाय दोन-तीन फेऱ्या चालत मारा. समोरून सर्व्हिस सुटते त्या क्षणी आपापल्या क्रमाने उभं असायचं. बॉल सुटला की हवं तिथे पळा.

मागच्या ओळीतल्याला ब्लॉक करता येत नाही, आणि आक्रमण रेषेच्या पुढे येऊन जाळीच्या वरचा बॉल मारताही येत नाही. रेषेच्या मागून उडी घेतली तर मारता येतो. वेगळ्या रंगाच्या जर्सीतला लिबेरो टीव्हीवर दिसतो, तो फक्त बचावासाठी. वर्गात त्याची गरज नाही.

ज्यांच्या गावात संध्याकाळी शूटिंग व्हॉलीबॉल रंगतो, त्यांना सुरुवातीला जड जातं. तिथे जोडलेल्या हातांनी किंवा मुठींनी बॉल थेट पलीकडे हाणायची सवय असते. नजर तयार असते, धाडस असतं, फक्त पहिल्याच स्पर्शाला बॉल पलीकडे पाठवायचा हात आवरावा लागतो. अशा मुलांनी सेटरला पास दिल्याशिवाय मी त्यांचा गुण मोजत नाही. आठवड्याभरात बदल दिसतो.

पन्नास मुलं, तीन बॉल

ही आपल्या शाळांची खरी अडचण. सहा-सहाचा सामना लावला तर अडतीस मुलं कट्ट्यावर बसून राहतात. त्यापेक्षा मैदानाच्या लांबीने दोरी बांधून तीन छोटी मैदानं करा आणि तीन-तीन किंवा चार-चार जणांचे संघ खेळवा. सर्व्हिसऐवजी बॉल दोन्ही हातांनी टाकून सुरुवात, पहिल्या आठवड्यात एक टप्पा माफ, पाच गुणांचा डाव आणि हरलेला संघ बाहेर. सगळ्यांचे हात बॉलला लागतात.

बाहेर थांबलेल्यांनी रेषापंच आणि गुणलेखक व्हायचं. हाताच्या खुणा शिकून घ्या: बोट जमिनीकडे म्हणजे इन, कोपरात वाकवलेले दोन्ही हात वर आणि तळवे स्वतःकडे म्हणजे आऊट, दोन बोटं म्हणजे डबल, चार बोटं म्हणजे चार स्पर्श. तोंडी परीक्षेत हेच विचारतात.

आणि ओरडायला शिका. बॉल दोघांच्या मध्ये आला की एकाने मोठ्याने 'माझा!' म्हणायचं. जो म्हणेल त्याचा, दुसऱ्याने बाजूला व्हायचं. कोणीच बोललं नाही तर दोघे एकमेकांकडे बघतात आणि बॉल मध्ये पडतो. दोघेही गप्प धावले तर डोकी आपटतात. लाजरी मुलं इथे मागे पडतात, म्हणून सरावात पासच्या आधी 'माझा' म्हटलं नाही तर पास धरायचा नाही. शेजारच्या मैदानातून बॉल घरंगळत आला तर 'बॉल!' ओरडून खेळ तिथेच थांबवायचा. उडी मारून खाली येणाऱ्याच्या पायाखाली बॉल आला की घोटा गेलाच म्हणून समजा.

आता स्मॅश

तीन स्पर्शांत बॉल बऱ्याचदा पलीकडे जायला लागला की मगच. उजव्या हाताच्या खेळाडूची पावलं डावा, उजवा, डावा. शेवटची दोन झटपट आणि लांब, दोन्ही हात मागे. दोन्ही पायांवर उडी, मारणारा हात कानाजवळून वर, पूर्ण सरळ हाताने बॉलच्या वरच्या भागावर पसरलेला पंजा, आणि मनगट पुढे मोडायचं. खाली येताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून.

आधी बॉलशिवाय पावलं बसवा. मग जोडीदाराला स्टुलावर उभं करून बॉल जाळीच्या वर धरायला लावा आणि स्थिर बॉलवर मारा. त्यानंतर सेटरच्या उचललेल्या बॉलवर. जवळपास सगळे नवखे खूप लवकर पळतात आणि बॉलच्या पुढे निघून जातात. बॉल सेटरच्या हातातून सुटून वर चढताना दिसेपर्यंत थांबा, मग पहिलं पाऊल टाका. उडी जाळीच्या जरा मागे घ्या. अगदी खाली जाऊन उडी घेतली तर बॉल डोक्याच्या मागे राहतो आणि हात जाळीत अडकतो.